धृपद धरणारे

गाण्याला मार्क मिळतात यात आता नवल राहिलेलं नाही. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून कित्येक आईवडील मुलांना आठवी-नववीतच गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवतात. आता पदवीच्या गुणपत्रिकेवरही गाणं आलं आहे, तेही घोळक्यात गायचं गाणं. नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांना लागू झाला आणि मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञान परंपरा अशा रकान्यांच्या गर्दीत ‘सहअभ्यासक्रम’ नावाचा एक रकाना आला. मुलं त्याला सीसी म्हणतात. योग, खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक उपक्रम, सादरीकरणाच्या कला असं बरंच काही त्यात बसतं. कॉलेज जे चालवतं त्यातलं एक घ्यायचं आणि सत्राला दोन क्रेडिट पदरात पाडून घ्यायची. दोन क्रेडिट म्हणजे पन्नास मार्क. अकाउंट्सच्या किंवा केमिस्ट्रीच्या पेपरात तेवढे मिळवायला घाम निघतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे हा रकाना इथेही आहे. प्रवेशाच्या दिवसांत विठ्ठलवाडी ते बदलापूर कुठल्याही गाडीत चढलात तर ‘तू सीसीला काय घेतलंस?’ हा प्रश्न कानावर पडतोच. आमच्या इमारतीतली एक मुलगी उल्हासनगरला बी.कॉम.ला जाते. तिने कल्चरल घेतलं, आणि कल्चरलमध्ये समूहगान. का, असं विचारलं तर तिने सरळ हिशेब मांडला. एनएसएसला वर्षाला एकशेवीस तास आणि वर सात दिवसांचं शिबिर. योगाला सकाळी लवकर जावं लागतं. कल्चरलला मैत्रीण आहे. ‘अगं पण तुला गाता येतं का?’ तर म्हणाली, ‘नाही हो काका. पण ग्रुपमध्ये असतं ना, चालून जातं.’

हे ‘चालून जातं’ ऐकून गाण्यातला जाणकार कपाळावर हात मारून घेईल. मला मात्र त्यात या सगळ्या योजनेचा सगळ्यात चांगला भाग दिसतो. कॉलेजात समूहगान पूर्वीही होतं, पण ते युवा महोत्सवापुरतं. आणि युवा महोत्सवाचा नियम असा की रंगमंचावर गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीला तीन. म्हणजे चार हजार मुलांच्या कॉलेजात गाणारी मुलं सहा. जुलैत निवड व्हायची. ज्यांना घरी गाणं होतं किंवा लहानपणापासून क्लास होता ते आत, बाकीचे टाळ्या वाजवायला. क्रेडिटच्या वर्गाला ही गाळणी लावता येत नाही. यादीत नाव आलं की मुलगा आत आला. बेसुरा असला तरी आला, आवाज फुटत असला तरी आला, मैत्रिणीसाठी आलेली असली तरी आली. वर्गात चाळीस-पन्नास डोकी, त्यांतल्या पाच-सहा जणांना सूर म्हणजे काय ते ठाऊक, आणि शिक्षकांनी त्या सगळ्यांना घेऊन तास भरायचे. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका क्रेडिटला तीस तास, दोनाला साठ.

साठ तास. या आकड्यामागे एक गंमत आहे. क्रेडिट ही मोजणी आली कुठून हे पाहायला गेलं तर आपण थेट अमेरिकेतल्या मास्तरांच्या पेन्शनपर्यंत पोहोचतो. पोलादवाले अँड्रू कार्नेगी यांनी 1905 साली प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर काढून ठेवले. पैसे वाटायचे तर खरं कॉलेज कुठलं आणि नावापुरतं कुठलं हे ठरवायला काहीतरी माप हवं. मग कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली की प्रवेशाआधी मुलगा शाळेत काय शिकला ते ठरलेल्या युनिटमध्ये मोजा. एका विषयाचे वर्षभरात 120 तास म्हणजे एक युनिट. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी ते मान्य केलं, पुढे त्याच धर्तीवर कॉलेजचे तासही मोजले जाऊ लागले, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तेच माप शासन निर्णयातून उल्हासनगरला पोहोचलं. मुलाला किती समजलं हे त्या मापात कधीच नव्हतं. तो किती वेळ बसला, एवढंच होतं.

शिक्षणतज्ज्ञ यावरून क्रेडिटला नावं ठेवतात आणि बहुतेक विषयांच्या बाबतीत त्यांचं खरंही आहे. साठ तास बाकावर बसून कुणाला ताळेबंद जमेलच असं नाही. समूहगानाचं मात्र वेगळं आहे. तिथे बसणं हाच निम्मा अभ्यास आहे. याची खात्री पटवून घ्यायची तर कुठल्याही सरावाच्या खोलीत पहिल्या आठवड्यात आणि मग दोन महिन्यांनी डोकवावं.

पहिल्या आठवड्यात भांडण पट्टीवरून असतं. मुलांचा षड्ज साधारण काळी एक किंवा दोन, मुलींचा काळी चार-पाच. पेटीवर काळी एक धरली की मुलगे आरामात गातात आणि अंतऱ्याला मुलींच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जातात. काळी चारवर गेलं की मुली खुश, मुलांचा आवाज खाली गडप होतो आणि वर फाटतो. एकट्याच्या गाण्यात हा प्रश्नच येत नाही, पेटीवाल्याला आपली पट्टी सांगितली की झालं. शास्त्रीय गाण्यात पंडित जसराजांनी जसरंगीत यावर नामी तोड काढली. गायकाच्या मध्यमाला गायिकेने षड्ज मानायचा आणि दोघांनी आपापल्या पट्टीत आपापला राग गायचा. पण त्याला दोन पोचलेले गळे लागतात. बी.कॉम.च्या मुलांना ते सांगण्यात अर्थ नाही. पाश्चात्त्य कॉयरमध्ये आवाजांचे चार थर करतात, स्त्रियांचे दोन नि पुरुषांचे दोन, आणि प्रत्येक थराला वेगळे स्वर देतात. सलील चौधरींनी 1958 साली बॉम्बे यूथ कॉयर काढून आपल्या गाण्यांना तशी बांधणी देऊन पाहिली. ती वाट आपल्याकडे फार रुळली नाही. आपण सगळे एकच चाल, एकाच सुरात, फार तर वरच्या-खालच्या सप्तकात गातो.

मग शिक्षक काय करतात? दोघांनाही थोडी अडचणीची अशी मधली पट्टी काढतात, फार वर न जाणारं गाणं निवडतात, मुखडा सगळ्यांना देतात, एक अंतरा मुलांना आणि एक मुलींना. एवढ्याने पट्टी मिटते, सूर मिटत नाही. जोरात गाणारा एक असतोच. त्याला वाटतं आपण सगळ्यांना सांभाळून नेतोय, आणि सगळे त्याच्यामागे फरफटत अर्धा स्वर चढतात. नुसते ओठ हलवणारे सात-आठ असतात. ध्रुवपदावर परत येताना सम कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे तबलजीच्या हाताकडे बघत बसतात. त्याचा हात चुकला की गाणं संपलं.

दोन महिन्यांनी कुणाचाही गळा सुधारलेला नसतो. तेवढ्या वेळात सुधारतही नाही. बदललेला असतो तो कान. जोरात गाणाऱ्याला कुणीतरी एव्हाना कोपराने ढोसलेलं असतं. ओठ हलवणाऱ्यांतले चार जण दबक्या आवाजात का होईना, गायला लागलेले असतात, कारण शेजारचा गातोय आणि त्याच्या आवाजाच्या आडोशाने आपलं खपून जातंय हे त्यांना कळलेलं असतं. समेवर येताना तबलजीकडे बघणं कमी होतं. गेल्या वेळी जिथे सगळ्यांनी श्वास घेतला तिथेच या वेळीही घेतला जातो आणि हे कुणी शिकवलेलं नसतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात, वहीत आणि परीक्षेत आणलं तेव्हा घराण्यातल्या मंडळींनी टिंगल केली की असे वर्ग भरवून तानसेन निघतात होय? पलुस्करपंथीयांकडून त्यावर एक उत्तर ऐकायला मिळतं, की तानसेन नाही निघाले तरी कानसेन निघतील. समूहगानाच्या वर्गात याचा पडताळा फार लवकर येतो. दुसऱ्याला ऐकल्याशिवाय तिथे तोंड उघडताच येत नाही.

ही विद्या या पट्ट्याला कॉलेजने शिकवायची म्हणजे थोडं हसूच येतं, कारण इथल्या माणसांना घोळक्यात गायला वेगळं शिकवावं लागलेलं नाही. सकाळची बदलापूर लोकल घ्या. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. बदलापूरहून बसून आलेले चार-पाच जण टाळ बाहेर काढतात, अंबरनाथ-उल्हासनगरला उभे राहणारे येऊन मिळतात आणि कल्याण सुटेपर्यंत भजन रंगात आलेलं असतं. कुणी सरकारी कचेरीत शिपाई, कुणी पेढीवर हिशेबनीस, कुणी गिरणी बंद पडल्यावर सुरक्षारक्षक झालेला. मधे बुवा, म्हणजे चाल सांगणारा. बाकी सगळे टाळकरी. ढोलकी नसली तर डब्याच्या पत्र्यावर थाप पडते. दसऱ्याला डब्याला तोरणं लागतात, प्रसाद वाटला जातो. डब्यातल्या सगळ्यांना हे आवडतं असं मात्र नाही. रात्रपाळी करून परतणाऱ्याला टाळांचा गजर म्हणजे डोकेदुखी असते, परीक्षेला निघालेल्या मुलाला पुस्तक मिटावं लागतं, आणि त्यावरून बाचाबाचीही होते. मला त्या तक्रारीत तथ्य वाटतं. सव्वा-दीड तास दुसऱ्याच्या भक्तीत अडकून पडणं सोपं नाही.

पण गाणं म्हणून पाहिलं तर त्या डब्यात जे चालतं ते फार मोलाचं आहे. तिथे निवड चाचणी नसते. नवा माणूस येतो तो पहिले काही दिवस नुसता ऐकत उभा राहतो. मग दुसरी ओळ उचलायला लागतो. मग कुणीतरी आजारी पडलेल्याचे टाळ त्याच्या हातात देतं. वर्षा-दोन वर्षांत तो मंडळातला होतो. या सगळ्या काळात ‘तुम्हाला गाता येतं का’ असं त्याला कुणी विचारलेलं नसतं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी मात्र विचारतात, ‘काल कुठं होतात?’

वारकऱ्यांत असं मागून ओळ उचलण्याला धृपद धरणं म्हणतात. पुढचा गातो, मागचे ध्रुवपद उचलून धरतात, आणि त्या आधारावर पुढचा आणखी वर जातो. हे काम दुय्यम आहे असं आपल्याला वाटतं खरं, पण तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत ज्या अभंगात सांगितली आहे त्यात स्वतःची सुरुवात इथूनच झाल्याचं सांगितलं आहे. आधी संतांची वचनं पाठ केली, कीर्तन करणाऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरलं, कवित्व त्यानंतरचं. आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या कवीने पुढे येण्याआधी मागे उभं राहून साथ केली, आणि ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असंही त्याला वाटलं.

मागे उभं राहणाऱ्यांची ही कला या तीन गावांत एकाच जातीची किंवा भाषेची नाही. बदलापूर-अंबरनाथच्या आगरी वस्त्यांत लग्नाला धवला गायला जायचा. धवलारीण ओळ सोडते, भोवतालच्या बायका ती उचलतात, हळद, मांडव, पाठवणी सगळे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. आता डीजेपुढे तिला कोण विचारतो, पण साठीच्या पुढच्या बायकांना ते अजून येतं. पलीकडे उल्हासनगरात फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. चक्रवर्ती राजगोपालाचारींनी 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीला गावाचं रूप आणि नाव दिलं. त्या लोकांनी घरं आणि जमिनी मागे सोडल्या, भगत मात्र बरोबर आणली. सिंधी भगतमध्ये मुख्य गायक घुंगरू बांधून गातो, नाचतो, मध्येच गोष्ट सांगतो आणि मागचे साथीदार त्याचा बोल झेलतात. सिंधमधल्या संत कंवररामांची या प्रकारात ख्याती होती. 1939 साली त्यांना रेल्वे स्टेशनावर गोळ्या घालून मारलं, आणि उल्हासनगरच्या घराघरांत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता, दारूगोळ्याचा आहे, त्यांच्याभोवती कामगारांच्या वसाहती झाल्या. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धा आणि समरगीत स्पर्धा या कारखान्यांच्या जगातल्या. तिथे दिवसभर यंत्रावर उभी राहिलेली माणसं संध्याकाळी एका सुरात यायचं बघत.

हे सगळं ऐकत वाढलेली मुलं आज कॉलेजच्या त्या वर्गात एका रांगेत उभी असतात. आगरी, सिंधी, घाटावरून आलेली, उत्तर प्रदेशातून आलेली. गाणं निवडताना म्हणूनच पंचाईत होते. युवा महोत्सवाच्या सवयीने शिक्षक हिंदी देशभक्तिगीत काढतात, कारण ते कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. मला ते सोयीचं वाटतं, पण थोडं बेचव. साठ तास हाताशी असताना एखाद्या मुलीच्या आजीकडून धवल्याची एक चाल आणि एखाद्या मुलाच्या घरून सिंधी लाडा, म्हणजे त्यांच्याकडे बायकांनी लग्नात मिळून म्हणायचं गाणं, एवढं तरी वर्गात यायला हरकत नसावी. परक्या भाषेतली ओळ तोंडात बसवताना मुलं एकमेकांचे उच्चार ऐकतात, हसतात, सुधारतात. वसंत देसाईंनी शाळकरी मुलांचे मोठमोठे मेळावे घेऊन त्यांच्याकडून समूहगानं बसवून घेतली, त्यात वेगवेगळ्या भारतीय भाषांतली गाणी असत. सिनेमात एवढं नाव कमावलेला माणूस मैदानात शाळेच्या मुलांपुढे हात उंचावून उभा राहायचा. त्याला त्या कामात कमीपणा वाटला नाही.

आता प्रश्न उरतो मार्कांचा. पन्नासपैकी मार्क द्यायचे तर प्रत्येकाला वेगळे द्यावे लागणार. आणि समूहगानात प्रत्येकाला वेगळं ऐकायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे एकेकाला पुढे बोलावून गाऊन दाखवायला सांगायचं. तसं केलं की ज्याचा गळा चांगला त्याला पंचेचाळीस आणि आमच्या इमारतीतल्या मुलीला वीस. ही परीक्षा सोपी आहे आणि साफ चुकीची आहे, कारण ती समूहगानाची परीक्षाच नाही. एकट्याने गाताना ज्याचा आवाज उठून दिसतो तोच घोळक्यात खड्यासारखा लागू शकतो. ज्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही त्याने काम चोख केलं की केलंच नाही, हे समोर बसलेल्या परीक्षकाला कळायला मार्ग नाही.

म्हणून माझा कौल हजेरीला आहे. शिक्षकमंडळी हजेरीला कारकुनी काम समजतात. पंचाहत्तर टक्क्यांची अट म्हणजे मुलांना डांबून ठेवण्याचा उपाय, असं मुलांना वाटतं. पण या एका विषयात पन्नासपैकी चाळीस मार्क सरळ येण्याला द्यावेत. आलास, उभा राहिलास, शेजारच्याचं ऐकलंस, ओळ उचललीस, झालं. राहिलेल्या दहांसाठी काहीही विचारा. गळ्याची देणगी आईबापांकडून येते, क्लासची फी परवडण्यातून येते, तिला दोन क्रेडिट देण्यात विद्यापीठाचं कौतुक ते काय? येणं मात्र प्रत्येकाच्या हातात आहे, म्हणजे निदान मध्य रेल्वेची कृपा असेल त्या दिवशी. वांगणीहून निघून पावसाळ्यात साडेसातच्या तालमीला उल्हासनगरला पोहोचणाऱ्या मुलाला मी तरी गाणाराच म्हणेन, मग त्याचा निषाद जरा उतरला तरी चालेल.

यावर कुणी म्हणेल, अशाने मुलं नुसती बसायला येतील. येऊ देत. गाडीतला नवा माणूसही आधी नुसता उभाच असतो.

खरी अडचण मला पुढची वाटते. क्रेडिटची सवय अशी की एकदा मिळालं की ते खातं बंद. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांच्या कॉयरमध्ये अठरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी गावातली निवृत्त माणसं नाव घालून, फी भरून वर्षानुवर्षं गात असत. कॅलिफोर्नियात सरकारने 2013 च्या सुमारास विचारलं, एकच विषय माणसाने किती वेळा घ्यायचा आणि आम्ही त्याचे पैसे किती वेळा द्यायचे? पुन्हा पुन्हा नाव घालण्यावर मर्यादा आली. हिशेबनिसाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न रास्तच आहे. गाणाऱ्याच्या बाजूने त्याला काही अर्थ नाही. बदलापूरच्या गाडीत तोच हरिपाठ आणि तीच गवळण तीस वर्षं चालू आहे आणि ‘हे आमचं मागेच झालंय’ म्हणून कुणी टाळ खाली ठेवलेले नाहीत. आपल्या कॉलेजांतही सत्र संपलं की मुलं पांगणार, पुढच्या सत्राला योग घेणार, आणि जो कान जेमतेम तयार झाला होता तो पुन्हा इअरफोनच्या हवाली होणार. यावर धोरणात इलाज नाही. गावात असू शकतो. या तीन गावांतल्या भजनी मंडळांत टाळकऱ्यांची चणचण आहे, जुनी माणसं निवृत्त होऊन गाडीतून उतरली आहेत, तरुण कुणी येत नाही अशी ओरड नेहमी कानावर येते. कॉलेजांनी साठांतले दहा तास मंडळांच्या देवळात भरवले तर दोघांचीही सोय होईल. बुवांना मानधन द्यावं लागेल, ते द्यावं.

आणि त्या दहा मार्कांचं म्हणाल तर मला एक परीक्षा सुचते. मुलाला गायला सांगू नका. त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे जे दोघं सत्रभर उभे होते त्यांना बाजूला घेऊन विचारा, हा नव्हता त्या दिवशी तुम्हाला गायला जड गेलं का? त्यांना नक्की माहीत असतं. कुणाच्या भरवशावर आपण अंतरा उचलतो, कोण नुसते ओठ हलवतो, कुणाच्यामुळे आपण घसरतो हे शेजारच्याइतकं कुणालाच कळत नाही, वर्गातल्या शिक्षकांनाही नाही. ही कल्पना मी एका प्राध्यापकांना सांगितली. ते हसले नाहीत, उलट थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, गुणदानाच्या तक्त्यावर दोनच सह्यांची जागा आहे, अंतर्गत परीक्षक आणि बहिर्गत परीक्षक, शेजारच्याची सही घ्यायची कुठे?